मरीन लाइन्सची दोन वळणे

मरीन लाइन्स स्टेशनवर उतरून पूर्वेला बाहेर पडले की दोन वळणे लागतात. डावीकडे, चर्नी रोडच्या दिशेने गेले की बडा कब्रस्तान. उजवीकडे, बॉम्बे हॉस्पिटलच्या बाजूला गेले की लिबर्टी सिनेमा. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत. मुंबईत नोकरी-धंद्यासाठी आलेल्या आणि इथेच माती मिळालेल्या आपल्या कोकणातल्या माणसांमुळे डावीकडचा रस्ता आमच्यासारख्या पुष्कळ घरांना पाठ आहे. उजवीकडचा रस्ता ठाऊक असणारेही कमी नव्हते, फक्त ते घरात बोलून दाखवत नसत.

सिनेमा पाहावा की पाहू नये, हा वाद आपल्या घरांत शंभर वर्षे चालू आहे आणि तो मिटवण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. ज्यांना पाहायचा नाही त्यांचा आम्ही आदर करतो. पण मुंबईतली ही एक इमारत कोणी उभारली, तिच्यात कोणाची मेहनत पडद्यावर आली, हे आपल्या मुलांना माहीत असू नये, हे काही आम्हाला पटत नाही. आपल्याकडे मशिदी, दर्गे, मदरसे यांचा इतिहास थोडाफार लिहिला जातो. व्यापारी, कारागीर, वाजवणारे, गाणारे, पडद्यावरचे आणि पडद्यामागचे यांच्याविषयी मात्र आपण गप्प बसतो.

लिबर्टी बांधले हबीब हुसेन यांनी. मूळचे कापसाचे व्यापारी. ते दिवस आठवावेत. एकोणीसशे चाळीसच्या दशकात फोर्ट भागातली मोठी, थंडगार, गालिचे अंथरलेली थिएटरे इंग्रजी चित्रपटांची होती. कुलाब्याजवळचे रीगल १९३३ सालचे, चर्चगेटसमोरचे इरॉस आणि धोबी तलावचे मेट्रो १९३८ सालचे. मेट्रो तर हॉलिवूडच्या कंपनीनेच बांधलेले. हिंदुस्थानी बोलपट पाहायचा तर ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडला किंवा गिरगावात जायचे. साहेबाच्या वस्तीत साहेबाचा सिनेमा, असा तो अलिखित कायदा. हबीब हुसेन यांनी त्याच वस्तीत, मेट्रोपासून हाकेच्या अंतरावर, आपल्या भाषेतल्या चित्रपटांसाठी तितकेच उंची थिएटर काढायचे ठरवले. देश स्वतंत्र होत होता, म्हणून नाव ठेवले लिबर्टी.

हे वर्ष साधे नव्हते. फाळणीच्या त्या दिवसांत मुंबईतून कितीतरी कुटुंबे कराचीची बोट धरत होती. चित्रपटातलेही काही गेले, नूरजहाँ गेल्या. अशा वेळी एका मुसलमान व्यापाऱ्याने न्यू मरीन लाइन्सला जमीन धरून, कर्ज-भांडवल घालून, पन्नास वर्षे टिकेल अशी इमारत उभारावी आणि तिच्यावर स्वातंत्र्याचे नाव लिहावे, हे आम्हाला फार मोठे वाटते. माणूस ज्या मातीत पाया खणतो तिथेच राहणार आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

इमारतीचा आराखडा रिडली अॅबट या इंग्रज वास्तुविशारदाचा. काम पुरे होण्याआधीच विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि पुढचे काम जे. बी. फर्नांडिस यांनी पाहिले. आतली सजावट वामन नामजोशी यांची. म्हणजे कापसाचा मुसलमान व्यापारी, इंग्रज आणि ख्रिस्ती वास्तुविशारद, आणि मराठी सजावटकार. याच नामजोशींनी पुढे जयपूरचे राजमंदिर हे थिएटर घडवले, जे पाहायला आजही परदेशी प्रवासी जातात. राजमंदिरचे नाव सगळ्यांना माहीत, नामजोशींचे मराठी माणसांनाही नाही. तो एक स्वतंत्र लेख होईल.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ते लाकूड. भिंतींना बर्मा सागाचे आणि कॅनडाहून आणलेल्या लाकडाचे अस्तर. त्यामुळे आवाज घुमत नाही, कानाला टोचत नाही. पडद्याच्या दोन्ही अंगांना भिंतीवर गोठलेल्या कारंज्यांसारखे उंच नक्षीकाम आहे, त्याच्या आड दिवे बसवले आहेत. खेळ सुरू होण्यापूर्वी ते दिवे लागले की पाणी जणू वर उसळून तिथेच थांबले आहे असे वाटते. आसने सुमारे बाराशे. आजच्या मल्टिप्लेक्समध्ये दोन-अडीचशे खुर्च्यांचा पडदा मोठा समजतात, त्यावरून अंदाज करावा. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. सरळ रेषा, गोलाई दिलेले कोपरे, सजावट आहे पण भपका नाही. मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हल मैदानासमोरच्या इमारती याच शैलीच्या, आणि ओव्हलभोवतीच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जाही मिळाला.

२१ मार्च १९४९ रोजी लिबर्टीचा पडदा उघडला तो मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने. नर्गिस, दिलीप कुमार आणि राज कपूर. दिलीप कुमार आणि राज कपूर पुढे कधीच एका चित्रपटात एकत्र आले नाहीत. संगीत नौशाद यांचे, गीते मजरूह सुलतानपुरी यांची. नावे पाहिली तर निम्म्याहून अधिक मंडळी आपली. पण ती नावे तशी मोजायची सवय त्या काळच्या प्रेक्षकाला नव्हती, आणि ते बरेच होते.

नौशाद यांची एक गोष्ट आमच्या घरात नेहमी सांगितली जाते, कारण ती आपल्या सगळ्या घरांची गोष्ट आहे. लखनौच्या या मुलाला वडिलांनी सांगितले होते, एक तर गाणे-बजावणे निवड, नाही तर घर. ते मुंबईला आले. नाव झाले. लग्न ठरले तेव्हा सासरच्यांना सांगण्यात आले की मुलगा शिवणकाम करतो, कारण सिनेमात संगीत देतो म्हटले असते तर सोयरीक मोडली असती. वरात निघाली आणि बँडवाले वाजवत होते ‘रतन’ची गाणी. ती याच नवऱ्या मुलाची, १९४४ सालची, तेव्हा गल्लोगल्ली चाललेली. नवरदेव घोड्यावर गप्प! दिलीप कुमार यांनीही युसुफ खान हे नाव पडद्यावर येऊ दिले नाही, त्यात फळांचा व्यापार करणाऱ्या वडिलांची धास्ती होतीच. इज्जत आणि हुनर यांच्यामध्ये ही माणसे अशी अंग चोरून चालली. आज त्यांच्या नावाने अभिमान मिरवणाऱ्या आपल्याच घरांनी त्यांना तेव्हा काय दिले असते, हा प्रश्न कधीतरी विचारायला हवा.

मेहबूब खान यांचे मात्र वेगळे. गुजरातेतल्या बिलिमोऱ्याकडचा मुलगा, शाळा जवळजवळ नाहीच, मुंबईत येऊन मिळेल ते किरकोळ काम करत दिग्दर्शक झाला. त्यांनी आपले नाव बदलले नाही, नमाजही सोडली नाही. त्यांच्या चित्रपटाच्या सुरुवातीला विळा-हातोड्याचे चिन्ह येई आणि त्याबरोबर नशिबावर आणि अल्लाच्या मर्जीवर भरवसा सांगणारा उर्दू शेर. विळा-हातोडा आणि अल्लाची मर्जी एकत्र पाहून पंडित लोक हसत. आम्हाला त्यात विसंगती दिसत नाही. शेतात राबणारा आमचा आजा दोन्ही मानायचा.

२५ ऑक्टोबर १९५७ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, याच लिबर्टीत ‘मदर इंडिया’ लागला. १९४० सालच्या आपल्याच ‘औरत’ची गोष्ट मेहबूब खान यांनी पुन्हा, रंगीत आणि भव्य करून सांगितली होती. लिबर्टीत तो वर्षाहून अधिक काळ चालला. पुढच्या वर्षी परभाषिक चित्रपटांच्या विभागात ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले, भारताचे ते पहिलेच. सावकाराच्या वहीत अडकलेली, चिखलात नांगर ओढणारी ती शेतकरीण राधा साकारली होती फातिमा रशीदने, म्हणजे नर्गिसने.

आमचे मोठे चाचा त्या साली श्रीवर्धनकडच्या गावातून मुंबईला आलेले. वय सतरा-अठरा. गोदीत काम आणि डोंगरीला आमच्या गावच्या जमातीच्या खोलीत मुक्काम. एका खोलीत पंधरा-वीस माणसे, प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. झोपायच्या पाळ्या लावलेल्या, कारण रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन दिवसपाळीवाल्याच्या जागेवर आडवा व्हायचा. अशा खोलीतून निघून चाचा एका रविवारी पायी लिबर्टीला गेले. तो रस्ता ते आम्हाला पुढे इतक्या वेळा सांगत की आम्ही झोपेतही चालू शकू. मोहम्मद अली रोडने सरळ क्रॉफर्ड मार्केट, तिथून पोलीस कमिशनरच्या कचेरीवरून उजवीकडे धोबी तलाव, मेट्रो डाव्या हाताला ठेवायचे, मग बॉम्बे हॉस्पिटलची गल्ली. ट्रामचे पैसे वाचवायचे आणि ते तिकिटात घालायचे.

चाचा सांगत, “पिक्चर नंतर, पहिल्यांदा मी खुर्ची बघितली.” गावात बाकड्यावर, खोलीत फरशीवर आणि गोदीत गोणीवर बसणाऱ्या पोराला मऊ गादीच्या खुर्चीत बसवून थंड वारा सोडला, आणि समोर कर्ज फेडता फेडता आयुष्य संपलेली बाई दाखवली. आमच्या दादीचे दागिने तेव्हा सावकाराकडेच होते. चाचांनी घरी मनीऑर्डर केली तीत त्या महिन्यात पाच रुपये जास्त घातले. का घातले, ते दादीला कित्येक वर्षे कळले नव्हते.

दादीला कळले १९९४ साली. फुफीच्या मुलीच्या निकाहची खरेदी करायला आमचे सगळे खटले मुंबईत आले होते. मंगलदास मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट पालथी घालून बायका थकल्या होत्या. लिबर्टीत ‘हम आपके हैं कौन’ चालू होता. ५ ऑगस्टला लागलेला तो चित्रपट तिथे शंभराहून अधिक आठवडे मुक्काम करणार होता, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. व्हिडिओ कॅसेटी आणि केबल यांनी घराघरात बसवून ठेवलेली कुटुंबे या एका चित्रपटाने पुन्हा थिएटरात आणली. मारामारी नाही, अंगावर येणारे काही नाही, नुसत्या साखरपुड्या आणि बारश्यांची गाणी. थोर चित्रकार एम. एफ. हुसेन, आपल्या पंढरपूरला जन्मलेले आणि तरुणपणी मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेले, तेही त्यापायी पुन:पुन्हा थिएटरात जात.

दादीने आयुष्यात थिएटरचे तोंड पाहिले नव्हते. चाचांनी विचारले, “अम्मा, येतेस?” आम्हाला वाटले, आता फटके बसतील. दादी म्हणाली, “असर चुकायला नको. तेवढं असलं तर येते.” चाचा म्हणाले, मी बघतो. मध्यंतरात त्यांनी दारावरच्या माणसाशी काहीतरी बोलून घेतले, आणि वरच्या मजल्याच्या एका कोपऱ्यात, येणाजाणाऱ्यांना आड, दादीने आपली चटई अंथरली. आम्ही मुले पॉपकॉर्नचे पुडे घेऊन राखण करत उभी. सलाम फेरल्यावर ती भिंतीवरच्या लाकडावरून हात फिरवत राहिली. आमचा आजा सुतारकामही करायचा. “हे साग आहे. आपल्याकडचं नाही,” ती म्हणाली. बर्माचे असल्याचे आम्हाला फार पुढे वाचनात आले.

चित्रपट तिला कसा वाटला? गाणी फार आहेत म्हणाली. कुत्रा घरात कशाला, हेही म्हणाली. पण थोरल्या सुनेच्या मरणाच्या प्रसंगात रडली, आणि घरी जाताना चाचांना विचारले, “तू इथं आधी कधी आलास?” तेव्हा ती जुनी गोष्ट बाहेर आली, पाच रुपयांसकट. दादी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटलं होतं, उपाशी राहून पाठवलेस.”

चाचा २००३ साली गेले. त्यांना बड्या कब्रस्तानात माती दिली. या कब्रस्तानाचा कारभार मुंबईच्या जुम्मा मशिदीचा ट्रस्ट पाहतो, आणि त्या मशिदीशी आपल्या कोकणी जमातीचे नाते जुने. मेहबूब खान इथेच आहेत. २८ मे १९६४ रोजी, पंडित नेहरूंच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांचा इंतकाल झाला. नर्गिसही इथेच. ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने त्या गेल्या, आणि सुनील दत्त यांनी त्यांना त्यांच्या आईवडिलांकडच्या रिवाजानुसार दफन केले. सुरैयाही २००४ साली इथेच आल्या. ‘अंदाज’ आणि ‘मदर इंडिया’ ज्या पडद्यावर पहिल्यांदा उजळले, त्याच्यापासून इतक्या जवळ त्यांचा दिग्दर्शक आणि त्यांची नायिका झोपलेली आहेत, ही गोष्ट मुंबईच्या एकाही माहितीपुस्तकात आमच्या पाहण्यात आलेली नाही.

मुंबईत मेलेल्यालाही जागा भाड्यानेच असावी अशी स्थिती. काही वर्षांनी त्याच जागी दुसऱ्याला माती देतात. २०१० साली जुहूच्या कब्रस्तानात मधुबाला आणि मोहम्मद रफी यांच्या कबरी हलल्या तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळ झाली. आपल्या दीनमध्ये पक्क्या कबरीचा आग्रह नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यात काही खटकले नाही. चाचांच्या जागीही आता दुसरे कोणी आहे. शबे-बरातला आम्ही भाऊ जातो तेव्हा अंदाजाने एका झाडाजवळ उभे राहून फातिहा पढतो. मागच्या वर्षी धाकट्याने विचारले, इथेच होते का नक्की? कोणालाच सांगता आले नाही.

म्हणून की काय, तिथून निघाल्यावर आमचे पाय आपोआप लिबर्टीकडे वळतात. निदान ती इमारत जागेवर आहे. हबीब हुसेन यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव नाझिर हुसेन यांनी ती सांभाळली. हेच नाझिर हुसेन हिमालयन कार रॅली सुरू करणारे म्हणून मोटार शर्यतीच्या जगात प्रसिद्ध होते. पण बाराशे खुर्च्यांचे थिएटर चालवणे शर्यतीपेक्षा अवघड. प्रेक्षक बाराशे असोत की दीडशे, वीज तितकीच जळते, थंड हवा तितकीच लागते, माणसांचे पगार तेवढेच. २००० नंतर महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली, ती एकपडदा थिएटरांना नव्हती. एका इमारतीत चार-पाच छोटे पडदे असले की एक चित्रपट पडला तरी दुसरा तारतो. इथे एकच पडदा, तो पडला की आठवडा गेला. त्यात ज्या जमिनीवर ही थिएटरे उभी आहेत तिची किंमत तिकिटांतून शंभर वर्षांत निघणार नाही. मेट्रोचे मल्टिप्लेक्स झाले. इरॉस अनेक वर्षे बंद राहून २०२४ साली एकाच मोठ्या आयमॅक्स पडद्याचे होऊन उघडले. लिबर्टीत रोजचे खेळ थांबून बरीच वर्षे झाली. महोत्सव, मैफली, जाहिरातींचे आणि चित्रपटांचे शूटिंग यांवर ते तग धरून आहे. कित्येकदा पडद्यावर जुनी मुंबई दाखवायची असली की कॅमेरा इथेच येतो.

कोणी म्हणेल, थिएटर बंद पडले तर आपल्या समाजाचे काय गेले, उलट बरेच झाले. आम्हाला तसे वाटत नाही. आज मुले तोच सिनेमा मोबाइलवर, दार लावून, एकेकटी पाहतात आणि घरात कोणाला कळत नाही काय पाहिले. लिबर्टीत दादी, चाचा, फुफी आणि आम्ही पोरे एका रांगेत बसलो होतो. काय चांगले, काय वाईट यावर घरी पोहोचेपर्यंत भांडलो होतो. दादीने कुत्र्यावर आक्षेप घेतला तो सगळ्यांसमोर घेतला. आता कोण कोणाशी भांडणार?

गेल्या डिसेंबरात आम्ही मुलांना घेऊन गेलो. आत कसल्याशा समारंभाची तयारी चालली होती, तरी दारावरच्या माणसाने पाच मिनिटे आत डोकावू दिले. खुर्च्यांवर चादरी टाकलेल्या, पडद्याजवळची कारंजी विझलेली. मोठ्या मुलाने विचारले, “इतकी माणसं एका वेळी एकच पिक्चर बघायची?” मुलगी भिंतीवरच्या लाकडाचा फोटो काढत होती. तिला दादीची गोष्ट माहीत होती. आमची बहीण खुर्च्या मोजत उभी राहिली, आपण नेमके कुठे बसलो होतो ते शोधायला. ती म्हणाली बाल्कनीत, आम्ही म्हणालो खाली, आणि ते काही शेवटपर्यंत ठरले नाही.

परतताना चाचांचाच रस्ता उलटा धरला. मेट्रोसमोरच्या इराण्याकडे चहा आणि ब्रुनमस्का, मग क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत. बायका मार्केटात शिरल्या. असरची अजान झाली तसे आम्ही मुलांना घेऊन जुम्मा मशिदीत गेलो. तिथला वुझूचा जुना तलाव, त्यातले मासे. वुझू करून झाल्यावरही धाकटा पायरीवरून उठेना. रात्री गावाकडच्या गाडीत बसल्यावर त्याला विचारले, आज सगळ्यात काय आवडले? तो म्हणाला, मासे.